मराठी शाळेत इंग्रजी शिकवताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

केंद्राच्या (म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या) शिक्षण परिषदेत चहाच्या सुट्टीत, रात्री दहानंतर व्हॉट्सॲपवर आणि पालकसभा संपून सगळे चपला शोधत असताना मला फिरून फिरून हेच प्रश्न विचारले जातात. त्यांची उत्तरं एकदाची लिहून ठेवली आहेत. डोळ्यांसमोर शाळा आहे ती जिल्हा परिषदेची किंवा नगरपालिकेची, मराठी माध्यमाची. एका उत्तरात दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिसला तर तिथे जाऊन वाचा, एकच गोष्ट दोनदा लिहिलेली नाही.

१. पहिलीच्या मुलांना इंग्रजीचा गंधही नसतो. सुरुवात कुठून करू?

गंध नसतो हे खरं नाही. पहिल्याच आठवड्यात मुलांना विचारा, घरात काय काय आहे, रस्त्यावर काय दिसतं, शेतात काय असतं. मोबाईल, चार्जर, टीव्ही, बल्ब, ट्रॅक्टर, पाइप, बस, स्टँड, हॉटेल, डॉक्टर, बॅट, बॉल, आउट. ही यादी माझ्या वर्गात एकदा फळ्यावर मावेना, शेवटी भिंतीला कागद लावला. पोरांना हे शब्द मराठीच वाटतात आणि तसं वाटणं चूकही नाही. पण 'यातलं बरंचसं इंग्रजीतून आलंय' असं सांगितल्यावर त्यांचे चेहरे बघा. आपल्याला काहीतरी आधीच येतं हे कळलं की निम्मी भीती तिथेच जाते.

पुढचा टप्पा आज्ञांचा. 'स्टँड अप', 'टच युअर नोज', 'ब्रिंग मी अ स्टोन', 'गो टू द डोअर'. तुम्ही बोला आणि करून दाखवा, मुलं नुसतं करतील. जेम्स आशर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९६०च्या दशकात ही पद्धत मांडली. तिची खुबी अशी की मुलाला समजलं की नाही हे त्याच्या हातापायांतून दिसतं, तोंड उघडायची सक्ती नाही. काही मुलं महिना-दोन महिने एक शब्दही बोलणार नाहीत. नाही बोलली तरी चालेल. आपण घरच्या बाळाला 'आई' म्हणायच्या आधी वर्षभर नुसतं ऐकू देतोच की.

२. आधी एबीसीडी घ्यायची की आधी बोलायला शिकवायचं?

आधी कान, मग तोंड, त्यानंतर अक्षर. पहिले दोन-तीन महिने फळ्यावर एकही इंग्रजी अक्षर आलं नाही तरी बिघडत नाही.

अक्षरं सुरू कराल तेव्हा एक फरक लक्षात ठेवा. मराठीत 'क'चं नाव आणि 'क'चा आवाज एकच. मूल अक्षर ओळखतं म्हणजे ते वाचूही लागतं. इंग्रजीत 'बी', 'ए', 'टी' ही अक्षरांची नुसती नावं आहेत. मूल 'बी-ए-टी' घडाघडा म्हणतं आणि शब्द विचारला की गप्प बसतं, कारण त्या तीन नावांची बेरीज 'बॅट' होतच नाही. म्हणून नावाबरोबर, खरं तर नावाच्या आधी, आवाज द्या. हा आवाज पाय मोडलेला हवा : 'ब्', 'ट्'. आपल्या जिभेवर 'ब'मधला 'अ' इतका बसलेला असतो की मूल 'ब-ॲ-ट' म्हणतं आणि गाडी तिथेच अडते.

वर्णमालेच्या क्रमानेच जायला हवं असं काही नाही. एस, ए, टी, पी, आय, एन ही सहा अक्षरं आधी घेतली तर दोन आठवड्यांत मूल सॅट, टॅप, पिन, पॅन, नॅप, टिन हे स्वतः जोडून वाचतं. 'ए फॉर ॲपल'पासून 'झेड फॉर झेब्रा'पर्यंत पोचायला जून ते दिवाळी लागते आणि एवढं करून मूल एक शब्दही वाचत नाही. इंग्रजीत अक्षरं २६ असली तरी आवाज साधारण ४४ आहेत. सगळे पहिलीत संपवायची घाई करू नका.

३. इंग्रजीच्या तासाला मराठी बोललं तर चालतं का? आमचे साहेब म्हणतात, फक्त इंग्रजी.

चालतं. मी तर म्हणेन, लागतं. मात्र किती आणि केव्हा याचं भान हवं.

नोकरीच्या सुरुवातीला मीही 'ओन्ली इंग्लिश'च्या भरात होते. एकदा चौथीला चाळीस मिनिटं एकही मराठी शब्द न बोलता शिकवलं. तास संपल्यावर एक मुलगी जवळ येऊन हळूच म्हणाली, "बाई, आज तुम्ही रागावला होता का?" तिच्यापर्यंत माझा चढलेला आवाज आणि गंभीर चेहरा एवढंच पोचलं होतं. धड्यातलं काहीच नाही.

उपयोगी पडते ती सँडविचची रीत. वाक्य इंग्रजीत बोला, लगेच हळू आवाजात एकदाच मराठीत सांगा, पुन्हा इंग्रजीत बोला. 'ओपन युअर बुक्स'ला दोन दिवसांनी मराठीची गरज उरत नाही, मग ती काढून टाका. सी. जे. डॉडसन यांनी १९६७मध्ये वेल्समधल्या अनुभवावरून द्विभाषिक पद्धत मांडली, तिच्या मुळाशी हेच आहे : अर्थ पोचवायला मातृभाषा वापरा आणि वाचलेला वेळ सरावाला द्या. 'अंब्रेला' समजवायला पाच मिनिटं हातवारे करण्यापेक्षा 'छत्री' म्हणावं आणि 'अंब्रेला' वापरून पाच वाक्यं बोलून घ्यावीत.

टाळायचा आहे तो दुसरा प्रकार : इंग्रजी ओळ वाचायची, तिचं भाषांतर करायचं, पुढची ओळ वाचायची, तिचं भाषांतर करायचं. अशा तासात मुलं इंग्रजीच्या वेळी खिडकीबाहेर बघतात आणि मराठीच्या वेळी ऐकतात. शहाणीच ती.

साहेबांना सांगायचं असेल तर शिक्षण हक्क कायद्याचं कलम २९ दाखवा. शक्य तिथवर शिक्षण मुलाच्या मातृभाषेतून असावं असं ते म्हणतं. ते माध्यमाबद्दल आहे, इंग्रजीच्या तासाबद्दल नाही, हे खरं. पण मातृभाषा म्हणजे अडथळा, या समजुतीला त्यात कुठेच आधार नाही.

४. पहिलीपासून इंग्रजी आहे, तरी आठवीच्या पोराला चार वाक्यं बोलता येत नाहीत. चुकतं कुठं?

महाराष्ट्रात जून २०००पासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं, त्याआधी ते पाचवीत सुरू व्हायचं. तेव्हा सगळ्यांना वाटलं होतं की चार वर्षं वाढली, आता प्रश्न मिटला. पण एक हिशेब करून बघा. शिक्षण हक्क कायद्यानुसार पहिली ते पाचवीसाठी वर्षाला कामाचे दिवस किमान २००. रोज चाळीस मिनिटांचा एक तास धरला तर वर्षाचे होतात १३३ तास. म्हणजे अखंड मोजले तर साडेपाच दिवस. यातून निवडणूक, सर्वेक्षणं, स्पर्धा, स्नेहसंमेलन आणि पावसानं बुडालेले दिवस वजा करा. उरलेल्या वेळात तोंड कुणाचं चालतं? बहुतेक आपलंच. चाळीस मुलांच्या वर्गात एका मुलाच्या वाट्याला बोलायला मिनिटभरही येत नाही.

मुलांना काय येतं हे तपासणाऱ्या 'असर'च्या २०२२च्या देशपातळीवरच्या ग्रामीण पाहणीत पाचवीतल्या मुलांपैकी २४.५ टक्के मुलांना इंग्रजीतली सोपी वाक्यं वाचता आली, आठवीत ४६.७ टक्के. २०१६मध्ये हे आकडे २४.७ आणि ४५.३ होते. सहा वर्षांत काटा जागचा हलला नाही. यात खाजगी शाळांतली मुलंही आहेत, म्हणून सगळं खापर सरकारी शाळांवर फोडायचं कारण नाही.

यातून मी एकच धडा घेतला. इयत्ता वाढवून काही होत नाही, तासातला मुलाचा वाटा वाढवावा लागतो. जोडीत बोलणं, गटात वाचणं, एकाच वेळी वीस जोड्यांचा कलकलाट. शेजारच्या वर्गातले सर येऊन डोकावतात. त्यांना आत बोलवा.

५. माझंच इंग्रजी कच्चं आहे. मी काय शिकवणार?

हा प्रश्न खाजगीत येतो, कधीच गटावर नाही. आणि सगळ्यात जास्त हाच येतो.

प्राथमिकच्या शिक्षकाला सगळे विषय शिकवायचे असतात. आपलं स्वतःचं शिक्षण मराठीतून, डी.एड.ही मराठीतून. टीईटीच्या (शिक्षक पात्रता परीक्षेच्या) पहिल्या पेपरात १५० पैकी ३० गुण दुसऱ्या भाषेचे, पण तिथे पर्याय निवडायचा असतो, बोलावं लागत नाही. मग आत्मविश्वास कुठून येणार?

पहिलीच्या वर्गाला फाडफाड इंग्रजी बोलणारी व्यक्ती लागत नाही. साधारण पन्नास वाक्यं पक्की लागतात : बसा, उठा, ऐका, पुन्हा म्हणा, जोडी करा, कोण सांगेल, जवळपास बरोबर, शाब्बास, अजून एकदा. ती वहीत लिहा आणि रोज पाच वापरा. जूनमध्ये सुरू केलं तर गणपतीच्या सुट्टीपर्यंत ती तोंडात बसतात. उच्चाराची शंका असेल तर पाठ्यपुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन करून 'दीक्षा' या सरकारी शिक्षण-ॲपवर ऐका, शक्य तर आदल्या रात्री. वर्गात पहिल्यांदाच ऐकायला जाल तर नेमकी तेव्हाच रेंज जाते.

दुसरी गोष्ट सोबतीची. ब्रिटिश कौन्सिल आणि टाटा ट्रस्ट्स यांच्यासह राज्यात झालेल्या 'तेजस' उपक्रमात शिक्षकांचे 'टॅग' गट तयार झाले होते. चार-पाच शाळांतल्या इंग्रजीच्या शिक्षकांनी एकत्र बसायचं आणि एकमेकांसमोर इंग्रजी बोलायचं. उपक्रम असो नसो, असा गट तुम्ही तुमच्या केंद्रात करू शकता. पहिल्या दोन बैठका हसण्यात जातात, तिसरीपासून काम सुरू होतं.

आणि मुलांसमोर अडलं तर सांगा, 'मलाही माहीत नाही, चला शोधू.' शब्दकोश उघडणारी बाई त्यांना दिसू दे.

६. शब्दाखाली मराठीत उच्चार लिहून दिला तर मुलं पटकन वाचतात. द्यावा का?

वाचतात खरी, पण मराठी वाचतात. डोळा खालच्या ओळीवर जातो आणि वरच्या अक्षरांकडे कुणी बघत नाही. म्हणून रोजच्या वाचनात देऊ नका. नवा, अवघड, फसवा शब्द असेल तर फळ्याच्या कोपऱ्यात लिहा आणि तास संपायच्या आत पुसून टाका.

उच्चार शिकवायला मात्र आपली लिपी आणि आपली भाषा फार कामाची आहे. 'बॅट'मधला ॲ आणि 'बॉल'मधला ऑ यांच्यासाठी मराठीने चिन्हं केव्हाच करून ठेवली आहेत. 'झू'मधला आवाज मुलांना जमत नाही म्हणतात, पण 'जमीन'मधला ज आणि 'जीवन'मधला ज एक नाहीत हे कुठलंही पोर बोलून दाखवतं. 'जमीन'मधल्या ज वरून 'झू'वर जाणं सोपं आहे. 'फळ' म्हणताना दोन्ही ओठ मिटतात, 'फॅन' म्हणताना वरचे दात खालच्या ओठाला टेकतात. हे आरशात दाखवा, पोरं दिवसभर करत बसतील. 'व' एकच असल्यामुळे इंग्रजीतला 'व्ही' आणि 'डब्ल्यू' आपण सारखेच म्हणतो. 'डब्ल्यू'ला शिट्टी वाजवताना करतो तसा ओठांचा गोल करायला सांगा.

खरी अडचण ऱ्हस्व-दीर्घाची. 'गरीब', 'वकील', 'फूल' : शेवटून दुसरं अक्षर दीर्घ लिहायची मराठीची सवय. ती आपण इंग्रजीवर चढवतो. 'फिश'चा 'फीश' होतो, 'बुक'चा 'बूक' होतो आणि 'शिप' (जहाज) व 'शीप' (मेंढी) यांतला फरक मिटतो. इथे फळ्यावर दोन चित्रं काढा. तुम्ही म्हणाल त्या चित्राकडे मुलांनी पळायचं. जीभ वळायच्या आधी कानाला फरक कळू दे.

ब्रिटिश उच्चार की अमेरिकन, हा प्रश्नही याच्या पाठोपाठ येतो. ऐकणाऱ्याला समजेल असा. 'झेड' म्हणा किंवा 'झी', वाद घालण्याजोगं त्यात काही नाही.

७. मुलांचं इंग्रजी अक्षर रेघेवर बसतच नाही. काय करू?

देवनागरी अक्षर शिरोरेषेला लटकतं, इंग्रजी अक्षर खालच्या रेघेवर बसतं. मुलाचा हात वरून लोंबकळायला शिकलेला असतो, म्हणून त्याचं इंग्रजी अक्षर हवेत तरंगतं. चार रेघी वही त्यासाठीच असते, पण नुसती देऊन भागत नाही. 'मराठी अक्षरं दोरीवर वाळत घातलेले कपडे, इंग्रजी अक्षरं बाकावर बसलेली मुलं' असं एकदा सांगा. 'जी', 'पी', 'वाय' यांचे पाय बाकाखाली लोंबतात हेही त्यातच सांगून होतं.

८. व्याकरण केव्हा सुरू करायचं? आणि तीच ती चूक सगळी मुलं का करतात?

दुसऱ्या भागाचं उत्तर आधी देते, कारण त्यात पहिल्याचं येतं. सगळी मुलं तीच चूक करतात कारण ती सगळी मराठी मुलं आहेत.

मराठीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं आणि प्रश्न करायला मागे 'का' लावला की झालं. म्हणून 'यू आर कमिंग?' आपण 'टेबलावर' म्हणतो, 'वर टेबल' नाही, म्हणून सुरुवातीला 'टेबल ऑन' ऐकू येतं. खुर्ची 'ती' म्हणून 'शी', कागद 'तो' म्हणून 'ही'. मराठीत निर्जीव वस्तूंनाही लिंग असतं, पोरगं आपल्या भाषेशी प्रामाणिक आहे इतकंच. 'ए', 'ॲन', 'द' असलं मराठीत काही नाहीच, तेव्हा ती गळणारच. 'कालच आलो' म्हणून 'आय केम यस्टर्डे ओन्ली'. ही तर आपण मोठेही रोज करतो.

एक चूक मात्र मराठीची नाही, आपली आहे. 'आय ॲम गो टू स्कूल.' पहिलीत आपण 'आय ॲम अ बॉय', 'आय ॲम अ गर्ल' इतक्या वेळा घोकून घेतो की मुलाच्या डोक्यात 'आय ॲम' म्हणजे 'मी' असंच बसतं. पुढे तो जिथे तिथे 'मी'च्या जागी 'आय ॲम' लावतो. उपाय सोपा आहे : पहिल्यापासून 'आय लाइक', 'आय हॅव', 'आय कॅन'ही सारख्याच प्रमाणात येऊ द्या.

आता केव्हा. नियम म्हणून व्याकरण पाचवीच्या आधी नको. एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात दक्षिण भारतातल्या शाळांमध्ये बंगळूर प्रकल्प चालवला. त्यात व्याकरणाचा क्रम ठरवून शिकवण्याऐवजी मुलांना सोडवायला कामं दिली : नकाशा बघून वाट सांगा, वेळापत्रक बघून गाडी शोधा. लक्ष अर्थावर ठेवलं की रचना हळूहळू येते, हा त्यामागचा विचार. एसटी स्टँडवरच्या वेळापत्रकाचा फोटो काढा आणि 'व्हेन डझ द बस लीव्ह?' हे पाचवीत करून बघा. त्यानंतर 'डझ' काय आहे हे मराठीत, मराठी वाक्य शेजारी ठेवून सांगा. पाच मिनिटं पुरतात.

९. वहीतली प्रत्येक चूक दुरुस्त करायची का?

नाही. एका वेळी एकाच प्रकारची. आज कॅपिटल अक्षर, पुढच्या आठवड्यात पूर्णविराम. लाल शाईनं भरलेली वही मूल उघडूनही बघत नाही. बोलताना तर मध्ये तोडूच नका. 'आय गोड टू माय मामाज व्हिलेज' असं मूल म्हणालं तर 'ओह, यू वेन्ट टू मामाज व्हिलेज!' म्हणा आणि पुढे विचारा, काय केलंस. दुरुस्ती झाली आणि गप्पाही थांबल्या नाहीत.

१०. मुलं गाइडमधली उत्तरं पाठ करून पूर्ण गुण मिळवतात. मग अडचण काय?

धड्याचं नाव झाकून तोच प्रश्न विचारा, अडचण दिसेल. परीक्षेत एक प्रश्न तरी न शिकवलेल्या उताऱ्यावर ठेवा. चार ओळींचा उतारा, शब्द ओळखीचे, गोष्ट नवी. सुरुवातीला गुण कोसळतात, पालक विचारायला येतात. त्यांना प्रश्न ४ मधला हिशेब सांगा.

स्पेलिंग पाठ करून घ्यायचीच असतील तर रोज लागणारी घ्या. एडवर्ड डॉल्च यांनी १९३६मध्ये मुलांच्या पुस्तकांत सतत येणाऱ्या २२० शब्दांची यादी केली. 'द', 'सेड', 'व्हेअर', 'दे' हे शब्द आवाज जोडून नीट वाचता येत नाहीत, ते नजरेत बसवावे लागतात. बाकीच्या शब्दांना प्रश्न २ मधली रीत पुरते.

११. शाळा द्विशिक्षकी आहे. दोन वर्ग एकत्र बसतात. इंग्रजी कसं घेऊ?

इंग्रजीसाठी हे तोट्याचं नाही. गाणी, आज्ञा, गोष्ट, खेळ सगळ्यांना एकत्र द्या. वेगळं करा ते फक्त वाचन-लेखन. दुसरीतल्या मुलाने पहिलीतल्याला वाचून दाखवायचं, यात दोघांचाही फायदा, आणि मोठ्याचा जास्त.

१२. गावकरी म्हणतात सेमी करा, नाहीतर पोरं तालुक्याच्या इंग्लिश मीडियमला घालतो. सेमी घ्यावं का?

पट टिकवण्याचा दबाव मी जाणते. पट घसरला की शिक्षक कमी होतात, ही भीती खरी आहे. तरी आधी एवढं समजून घ्या की सेमी म्हणजे जास्त इंग्रजी विषय नव्हे. सेमी म्हणजे गणित आणि विज्ञान इंग्रजीतून. मूल अडखळलं तर ते इंग्रजीत अडखळलं की गणितात, हे तुम्हाला कळायला हवं.

कॅनडातले अभ्यासक जिम कमिन्स यांनी स्थलांतरित मुलांच्या अभ्यासातून दाखवलं की नव्या भाषेत गप्पा मारण्याइतकी तयारी साधारण दोन वर्षांत होते, पण विषय शिकण्याइतकी भाषा यायला पाच ते सात वर्षं लागतात. तीसुद्धा चहूबाजूंनी इंग्रजी असलेल्या देशात. आपल्याकडे शाळेच्या फाटकाबाहेर ती नाही.

गणितात एक जागा मात्र इंग्रजीच्या बाजूची आहे आणि ती कबूल करायला हवी : संख्यावाचन. 'पंचवीस'मध्ये पाच आधी येतात, वीस नंतर, आणि लिहायचं उलट. 'ट्वेंटी फाइव्ह' लिहितात तसंच वाचतात. २०१९मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस पाच' अशी रीत दिली तेव्हा केवढा गदारोळ झाला होता, आठवत असेल. पण संख्येच्या पुढे शाब्दिक उदाहरणं येतात. 'हाऊ मेनी मोर' म्हणजे वजाबाकी, हे ज्या मुलाला कळत नाही ते 'मोर' बघून बेरीज करतं. गणित येत असूनही चुकतं.

माझं मत विचाराल तर तिसरीपर्यंत सेमी नको, तोवर इंग्रजीचा तास घट्ट करा. गाव ऐकतच नसेल तर सेमी घ्या, पण दोन्ही भाषांतल्या संज्ञा वर्गात शेजारी शेजारी लावा आणि समजावणं मराठीतच ठेवा. 'नावाला सेमी' म्हणून कुणी हसलं तर हसू दे.

१३. इंग्रजी पहिलीपासून आहे, मग दहावीच्या वेळापत्रकात ती 'तृतीय भाषा' का?

भाषेला दिलेला क्रमांक ती कधी सुरू झाली यावरून पडलेला नाही. १९६८च्या राष्ट्रीय धोरणातल्या त्रिभाषा सूत्रातून आलेली ही रचना आहे : मराठी माध्यमात मराठी पहिली, पाचवीत येणारी हिंदी दुसरी आणि पहिलीत आलेली इंग्रजी तिसरी. नाव ऐकून तिला दुय्यम समजू नका.

२०२५मध्ये या क्रमांकांवरून मोठा वाद झाला. १६ एप्रिलच्या शासन निर्णयाने पहिलीपासून हिंदी तिसरी भाषा म्हणून आणली, १७ जूनला त्यात बदल झाला आणि २९ जूनला दोन्ही निर्णय मागे घेऊन डॉ. नरेंद्र जाधव यांची समिती नेमण्याचं जाहीर झालं. त्या दिवसांत मला बरेच पालक विचारत होते की इंग्रजी जाणार का. तो वाद इंग्रजीबद्दल नव्हताच.

१४. दहावीला अगदी कच्ची मुलं आहेत. ३५ पर्यंत कशी नेऊ?

लेखी ८० आणि अंतर्गत २०. अंतर्गत गुण म्हणजे दान नव्हे, बोलण्या-ऐकण्याला वर्षभर मिळालेली ती एकमेव हक्काची जागा आहे. २०१८-१९मध्ये ती काढली आणि आधीच्या वर्षी ८९.४१ टक्के असलेला राज्याचा निकाल ७७.१० टक्क्यांवर आला. पुढच्या वर्षी ८०-२० परत आलं. लेखीसाठी उताऱ्यावरचे प्रश्न पकडा, कारण उत्तर तिथेच समोर छापलेलं असतं. 'हू' विचारलं तर माणूस शोध, 'व्हेअर'ला जागा, 'व्हेन'ला वेळ. एवढं पक्कं झालेलं मूल सहसा नापास होत नाही. निबंध पाठ करून घेण्यात जानेवारी घालवू नका.

१५. आमच्या मुलांची घरची भाषा मराठीच नाही. प्रश्न ३ चं काय करायचं?

मेळघाटात कोरकू, गडचिरोलीत गोंडी आणि माडिया, नंदुरबारमध्ये भिली आणि पावरी. या मुलांना 'मातृभाषेतून समजावा' म्हणून मराठीतून समजावलं तर त्यांच्यासाठी तीही परकीच. मग सँडविचमध्ये मधला थर त्यांच्या भाषेचा हवा. तुम्हाला ती येत नसेल तर तिसरी-चौथीतलं एखादं मूल दुभाषी होतं, आणि मोठ्या ऐटीत होतं. तक्ते तीन रकान्यांचे करा : त्यांचा शब्द, मराठी, इंग्रजी. त्यांचा शब्द देवनागरीत लिहिताना मुलांना विचारून लिहा, ती तुमचा उच्चार दुरुस्त करतात. गुरुजींना चुकताना बघून मग तीही इंग्रजीत चुकायला घाबरत नाहीत. मी हे अशा एका वर्गात बसून पाहिलं आहे.

१६. ऊसतोडीला गेलेली मुलं पाच महिन्यांनी परत येतात. त्यांना कुठून जोडून घ्यायचं?

दिवाळीच्या आसपास जातात, उन्हाळा लागला की येतात. हंगामी वसतिगृहात राहिली तर उत्तमच, पण सगळी राहत नाहीत. परतलेल्या मुलाला वर्ग जिथे आहे तिथे बसवू नका आणि पहिल्या पानावरही नेऊ नका. त्याला काय आठवतं ते आधी बघा. वाचलेले शब्द पुसले गेलेले असतात, कानावरची गाणी आणि आज्ञा टिकलेल्या असतात. तिथून सुरू करा. जातानाच हातात दहा-बारा शब्दचित्रांची कार्डं द्या. परत येतील तेव्हा ती चिखलानं माखलेली असतील, म्हणजे वापरली गेली असं समजायचं.

१७. बाई, आम्हा दोघांनाही इंग्रजी येत नाही. घरी पोराचा अभ्यास कसा घ्यायचा?

रोज दहा मिनिटं त्याला मोठ्यानं वाचायला सांगा आणि हातातलं काम ठेवून ऐका. बरोबर की चूक ते कळलं नाही तरी चालेल. मग विचारा, 'यात काय लिहिलंय ते मला मराठीत सांग.' सांगता आलं तर समजलंय. घरात तोडकंमोडकं इंग्रजी बोलायचा आग्रह धरू नका. पोराशी तुमच्या भाषेत भरपूर बोला, गोष्टी सांगा, भांडा. शब्दसंपत्ती तिथे वाढते आणि शाळेत ती आम्हाला उपयोगी पडते.

१८. सहावीतल्या मुलाला मराठीच नीट वाचता येत नाही. त्याचं इंग्रजी थांबवावं का?

थांबवायचं ते इंग्रजी वाचन-लेखन, इंग्रजी नव्हे. ऐकणं-बोलणं वर्गाबरोबर चालू ठेवा. त्यात तो मागे असेलच असं नाही, कित्येकदा पुढे असतो. इंग्रजीच्या तासातली पंधरा मिनिटं काढून त्याला मराठी वाचन द्या. एक लिपी उलगडली की चिन्हामागे आवाज असतो आणि आवाजांमागे अर्थ, ही गोष्ट त्याला कळते. दुसऱ्या लिपीसाठी ती पुन्हा पहिल्यापासून शिकावी लागत नाही. उलटं करायला जाल तर दोन्ही लिप्या अर्धवट राहतात.

वेळापत्रकात हे बसत नाही आणि टाचणात (रोजच्या पाठाच्या नोंदीत) लिहिता येत नाही, असं तुम्ही म्हणाल. टाचणात 'उपचारात्मक अध्यापन' लिहा. माझ्या एका विद्यार्थ्याने सहावीच्या नोव्हेंबरात पहिली मराठी गोष्ट अखंड वाचली. फेब्रुवारीत तो आपणहून प्रश्न २ मधल्या त्या सहा इंग्रजी अक्षरांची डबी मागायला आला.